गळ, रॉड, रील आणि तंगूस : गावातल्या दुकानातून घ्यावे की ऑनलाइन मागवावे?

कुंडलिका काठ

नमस्कार. रोह्याच्या खाली, जिथे कुंडलिकेचे पाणी भरतीला खारट होते, तिथे मी गेली चार वर्षे हातदोरीने मासे धरतो आहे. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोर), शिसे आणि दोन गळ एवढाच माझा संसार असल्यामुळे सामान कुठून घ्यावे हा प्रश्न कधी पडला नव्हता. बाजारपेठेत जाळी, दोर आणि बोये विकणारे एक जुने दुकान आहे, तिथूनच सगळे येत असे. यंदा मात्र जिताडा या माशाच्या मागे लागायचे ठरवले आहे आणि बोय हा जिवंत मासा आमिष म्हणून लावून तो जिथे टाकायचा आहे ते अंतर हातदोरीला झेपत नाही, म्हणून पहिल्यांदाच रॉड आणि रील घेतो आहे.

दुकानात नऊ फुटी, दोन तुकड्यांचा रॉड २,२०० रुपयांना आणि ४००० आकाराचे रील ३,४०० रुपयांना सांगितले. तेच रील, निदान छायाचित्रावरून आणि नावावरून तेच, ऑनलाइन २,७५० रुपयांना दिसते आणि जवळपास तसाच रॉड १,६५० रुपयांना मिळतो. म्हणजे दुकानात ५,६०० आणि ऑनलाइन ४,४००, असा सरळ बाराशे रुपयांचा फरक पडतो. माझे अंदाजपत्रक सहा हजारांचे आहे आणि त्यात दोर, लीडर (गळाआधी जोडायचा जाड दोराचा तुकडा) आणि गळही बसवायचे आहेत, त्यामुळे हे बाराशे रुपये माझ्या दृष्टीने थोडे नाहीत.

दुकानदाराने मात्र रॉड दाखवण्याआधी मी उभा कुठे राहणार, जेटीवर की चिखलात, आणि पाणी कोणत्या अंगाला वाहते, हे विचारून घेतले, आणि त्यावरूनच आठऐवजी नऊ फुटी रॉड काढला. ही विचारपूस बाराशे रुपयांची आहे का, हे मला ठरवता येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी दोन्हीकडून खरेदी केली आहे त्यांनी कोणती वस्तू कुठून घेतली आणि का, हे सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.

उधाण

मी रत्नागिरीचा. खडकावरून आणि जेटीवरून मासे धरण्यात पंधरा वर्षे गेली आहेत आणि रॉड, रील, दोर यांपैकी प्रत्येक वस्तू मी दोन्हीकडून घेऊन पाहिली आहे. माझा नियम साधा आहे. ज्या वस्तू पाण्यात हरवतात त्या दुकानातून घ्याव्यात आणि ज्या घरी परत येतात त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा.

हरवणाऱ्या वस्तू म्हणजे गळ आणि शिसे. गळांच्या आकड्यांचा घोळ नवख्याला माहीत नसतो. आकडा वाढत जातो तसा गळ लहान होत जातो, म्हणजे दहा नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान असतो, पण एक नंबरच्या पुढे शून्य लावून मोजायला सुरुवात झाली की उलटे होते आणि पाच-शून्य हा दोन-शून्यापेक्षा मोठा असतो. त्यातही नॉर्वेच्या मुस्तादचा चार-शून्य आणि एखाद्या जपानी कंपनीचा चार-शून्य शेजारी ठेवले तर तोंडाची रुंदी आणि दांड्याची जाडी सारखी असेलच असे नाही. पडद्यावर हे कळत नाही. दुकानात गळ बोटांत धरता येतो आणि त्याचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके ओढून पाहता येते. टोक नखात अडकले तर गळ चांगला, घसरले तर तो मासा सोडणार. शिवाय दुकानात सुटे गळ मिळतात. तीन आकारांचे चार-चार घेऊन तुमच्या खाडीत कोणता चालतो ते आधी पाहता येते. ऑनलाइन घेतले की एकाच आकाराचे पन्नास येतात आणि तो आकार चुकला तर ते पन्नास डबीत गंजत पडतात.

शिशाबद्दल वाद असूच नये. वजनदार वस्तू कुरियरने मागवून शिशाच्या किमतीइतकाच वाहतूक खर्च देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे खडकात दर दोन-तीन फेकींना शिसे अडकून तुटते, म्हणून अनेक जण गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणून तेच बांधतात. तुमच्याकडे चिखल असल्यामुळे ती वेळ येणार नाही, पण ओहोटीच्या ओढीत किती वजन तळाशी टिकते हे त्या काठावर दुकान चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

आता दुकानांची दुसरी बाजूही लिहितो, कारण त्यांची केवळ भलामण करणे योग्य होणार नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक दुकानांचा खरा धंदा जाळी, दोर आणि बोये यांचा असतो आणि रॉडवाले गिऱ्हाईक हे त्यांच्यासाठी तोंडी लावण्यापुरते. त्यामुळे गळ, तंगूस आणि आमिष यांबद्दल त्यांचा शब्द मी डोळे मिटून मानतो, पण रीलच्या बाबतीत तो मानत नाही. एकदा मला गोड्या पाण्यासाठीचे रील खाऱ्या पाण्यासाठी म्हणून दिले गेले आणि एका पावसाळ्यात त्याच्या बेअरिंगची भुकटी झाली. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, त्यालाच फरक माहीत नव्हता.

दुसरी गोष्ट दर्शनी टांगलेल्या दोराची. नायलॉनचा तंगूस उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने कमजोर होतो. दुकानाच्या तोंडाशी वर्षभर ऊन खात लोंबकळणारे रीळ कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आतल्या खोक्यातले, वेष्टनात असलेले रीळ मागावे. दुकानदार कुरकुरला तरी तो ते काढून देतो.

मुळशीचा पाहुणा

उधाण यांचे म्हणणे किनाऱ्यावर राहणाऱ्यासाठी पटण्यासारखे आहे, पण सगळ्यांच्या दारात असे दुकान नसते. मी पुण्यात राहतो आणि तलावांवर, परवानगी असेल तिथे, मुख्यतः मरळ मासा धरतो. इथे बहुतेक ठिकाणी मासेमारीचे सामान म्हणजे खेळाच्या साहित्याच्या दुकानातला एक कोपरा, जिथे बॅडमिंटनच्या रॅकेटशेजारी दोन रॉड धूळ खात उभे असतात. पाणवनस्पतींतून मरळ काढायची तर रबरी बेडूक लागतो, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात आणि त्यामुळे तो शेवाळात अडकत नाही. तो मागितला तेव्हा एका दुकानदाराने मला लहान मुलांच्या खेळण्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला, आणि तो थट्टा करत नव्हता.

म्हणून माझ्यासारख्यांचे खरे शिक्षण ऑनलाइनच झाले. २०२० पर्यंत अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी-अ‍ॅपवरून अनेक जण नकली आमिषे, ज्यांना आपण लुअर म्हणतो, अगदी किरकोळ किमतीला मागवत असत. पार्सल दीड-दोन महिन्यांनी येई, पण चार रंग, तीन वजने, सगळे मिळे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने जी ४३ अ‍ॅप बंद केली त्यात तेही गेले. त्यानंतर तोच माल देशातल्या विक्रेत्यांच्या नावाने, दुप्पट-तिप्पट भावाने आणि दर वेळी वेगळ्या छापाच्या पुठ्ठ्यात दिसू लागला. त्यामुळे ऑनलाइन म्हणजे स्वस्त, हे समीकरण मी तेव्हापासून सोडून दिले आहे. ऑनलाइन म्हणजे निवड, एवढेच मी म्हणतो.

रॉडच्या बाबतीत एक अनुभव सांगतो. सात फुटी, दोन तुकड्यांचा रॉड नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला आणि टोकाची कडी, जिच्यातून दोर जातो, ती मोडलेली होती. परत घेतला, पैसेही मिळाले, पण त्यात बारा दिवस गेले. दुसऱ्यांदा मी विक्रेत्याला आधी लिहून विचारले आणि पीव्हीसीच्या नळीत घालून पाठवणार असशील तरच घेतो, असे कळवले. त्याने तसे पाठवले आणि सत्तर रुपये जास्त घेतले. ज्यांना रॉड मागवायचा आहे त्यांनी हे सत्तर रुपये वाचवू नयेत, आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे, कारण मोडका रॉड आपणच मोडला नाही हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नसतो.

कुंडलिका काठ

दोघांचेही आभार. परत करण्याच्या मुदतीबद्दल एक शंका आहे. मला दिसणाऱ्या बहुतेक ठिकाणी ती सात दिवसांची आहे. पार्सल अष्टमीच्या सुमारास आले तर तो आठवडा भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा असतो, पाण्याला ओढ नसते आणि जिताडा तोंड उघडत नाही. उधाणाची भरती येईपर्यंत मुदत संपलेली असते. मग सामान तपासायचे कधी आणि कसे?

ताणकाटा

कुंडलिका काठ यांचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्याचे उत्तर असे, की सामान माशावर तपासायचेच नसते, ते घरी तपासायचे असते. मी पेशाने यंत्रशाळेत काम करतो आणि ही सवय तिथून लागली आहे.

दोराचे पाहू. वेष्टनावर ३० पौंड लिहिलेले असेल तर तो १३.६ किलोच्या आसपास ताण सहन करायला हवा. मी गॅस सिलिंडर मोजण्यासाठी वापरतात तसला टांगता काटा घेतला आणि दोराची दोन्ही टोके गाठ न मारता गुळगुळीत नळीवर दहा-बारा वेढे देऊन घट्ट केली, कारण गाठ मारली की दोर गाठीपाशीच कमी वजनावर तुटतो आणि मग मोजमाप दोराचे न होता गाठीचे होते. अशा रीतीने प्रत्येक दोर पाच वेळा तोडून सरासरी काढली. ऑनलाइन घेतलेला, नावाजलेल्या कंपनीचा आठ पदरी विणलेला दोर १४ किलोच्या किंचित वर तुटला. दुकानातून घेतलेला त्याच वर्गातला दोर १३ किलोच्या जरा खाली. ऑनलाइन मिळालेला, शंभर मीटरला दीडशे रुपयांचा, चार पदरी दोर साडेसात किलोवर तुटला, म्हणजे लिहिलेल्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर. आणि दुकानातल्या सुट्या रिळावरचा ०.४० मिलिमीटर नायलॉन, जो दहा किलोचा म्हणून विकला होता, तो सहा किलोवर तुटला. तो रीळ उन्हात टांगलेला होता का हे मला आठवत नाही, पण उधाण यांचे लिखाण वाचून आता शंका येते.

जाडीतही लबाडी असते आणि ती ताकदीपेक्षा जास्त नडते. विणलेल्या दोराच्या जपानी क्रमांकांनुसार दोन नंबरचा दोर सुमारे ०.२३५ मिलिमीटर असायला हवा. घरी मोजायचे तर पेन्सिलीवर शंभर वेढे एकमेकांना चिकटून गुंडाळावेत, पट्टीने रुंदी मोजावी आणि शंभराने भागावे. माझा तो दीडशे रुपयांचा दोर यात ३३ मिलिमीटर भरला, म्हणजे ०.३३. जाड दोर वाऱ्याला जास्त अडतो, फेक आखूड पडते आणि रीलवर कमी मीटर बसतो. म्हणजे लांब फेकण्यासाठी रॉड-रील घ्यायचे आणि दोरात ती लांबी गमवायची, असा तो व्यवहार होतो.

रीलच्या खोक्यावरच्या आकड्यांनाही भुलू नये. स्वस्त रीलवर 'बारा अधिक एक बेअरिंग' असे ठसठशीत लिहिलेले असते, पण मूठ फिरवली की दाणे भरडल्यासारखा आवाज येतो. चार-पाच चांगली, गंजरोधक बेअरिंग असलेले रील त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षे जास्त चालते. दुकानात रील हातात घेता येते हा फार मोठा फायदा आहे. मूठ उलट दिशेने हलवून पाहावी, लटपट नको. रीलवर दोर अडवणारी तारेची कमान बंद करताना ती एका झटक्यात बसली पाहिजे. रॉड असेल तर प्रत्येक कडीच्या आतल्या वर्तुळावरून कापसाचा बोळा फिरवावा. कुठे धागा अडकला तर तिथे बारीक चीर आहे आणि तीच चीर पुढे महागडा विणलेला दोर कापणार. हे सगळे ऑनलाइन मालावरही करता येते, फक्त ते पार्सल आल्याच्या दिवशीच करावे.

पावती घ्या

चर्चेत किंमत आणि दर्जा आला, पण कागदपत्रांचा मुद्दा राहिला, म्हणून लिहितो.

आयात केलेल्या रीलच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, मूळ देश आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असणे वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार आवश्यक आहे. हे लेबल नसेल तर तो माल अधिकृत मार्गाने आलेला नाही किंवा खोका बदललेला आहे, असे समजायला हरकत नाही. ऑनलाइन विक्रेत्याला मूळ देश पानावरही दाखवावा लागतो. छायाचित्रात खोक्याची ही बाजू दिसत नसेल तर ती मागवून घ्यावी आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबावे.

तक्रारीच्या बाबतीत ऑनलाइन ग्राहक वाटतो तितका असहाय नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, विक्रेता दिल्लीत असला म्हणून दिल्लीला जावे लागत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी केल्याने माझे एक प्रकरण तीन आठवड्यांत मिटले होते. याउलट गावातल्या दुकानात पावतीच नसेल तर ओळख हाच एक पुरावा उरतो. ओळख उपयोगी पडते, नाही असे नाही, पण ती दुकानदार बदलला की संपते.

कराबद्दल एक माहिती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मासेमारीच्या रॉडवर आणि गळ-दोराच्या इतर साहित्यावर वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुनी किंमत छापलेला माल दोन्हीकडे शिल्लक असू शकतो. भाव करताना हे लक्षात ठेवावे आणि दुकानदाराला सौम्यपणे सांगावेही.

गरवणी

पावती घ्या यांच्या लेबलाच्या मुद्द्याला जोड देतो. मी पणजीचा. आमच्याकडे जिताड्याला चोणक म्हणतात आणि मांडवीच्या काठी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसणाऱ्यांच्या हातात तुम्हाला जी उत्तम रीले दिसतील त्यांपैकी बरीच आखातातून किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेली असतात. काही दुकानांतही असा माल मिळतो. तो खोटा नसतो, उलट बऱ्याचदा अस्सल आणि स्वस्त असतो, पण त्याला इथली हमी नसते. माझे असे एक जपानी रील दुसऱ्या वर्षी बिघडले, दोर वळवणाऱ्या छोट्या रोलरचे बेअरिंग गेले, आणि इथल्या सेवा केंद्राने ते आमच्याकडून विकलेले नाही म्हणून हात वर केले. ते त्यांच्या परीने बरोबरच होते.

शेवटी ते बेअरिंग मला मिळाले ते एका दुकानाच्या माळ्यावरून, जिथे मालकाने बिघडलेली रीले फेकून न देता एका डब्यात साठवली होती. त्याने अर्ध्या तासात दुसऱ्या रीलचा भाग काढून माझ्या रीलमध्ये बसवला आणि दोनशे रुपये घेतले. सुटे भाग ऑनलाइन शोधले तर पूर्ण रील विकत घेण्याचा सल्ला मिळतो. म्हणून मी रील कुठूनही घेतले तरी त्याच कंपनीचे घेतो जिची मोडकी रीले माझ्या दुकानदाराच्या डब्यात आहेत. हा निकष विचित्र वाटेल, पण खाऱ्या पाण्यात प्रत्येक रील कधी ना कधी उघडावेच लागते.

टेम्सकाठी

इकडे इंग्लंडमध्येही हाच वाद आहे, फक्त पाणी गोडे आणि हवा थंड. नदीत रॉड टाकण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि तो घरबसल्या काढता येतो. रॉड-रील बहुतेक जण ऑनलाइनच घेतात. तरीही माझ्या वस्तीतले दुकान टिकून आहे ते अळ्यांमुळे. आमिष म्हणून वापरायच्या जिवंत अळ्या इथे दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात आणि शनिवारी सकाळी त्यासाठी रांग लागते. रांगेत उभा असलेला माणूस गळांचे एखादे पाकीट उचलतोच. दुकानात येऊन तासभर रॉड हाताळायचे, सल्ला घ्यायचा आणि तिथेच उभे राहून मोबाइलवर ऑनलाइन मागवायचे, हा प्रकार मात्र इथल्या दुकानदारांना फार लागतो. मलाही तो अप्रामाणिकपणा वाटतो.

मुळशीचा पाहुणा

टेम्सकाठी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी अर्धाच सहमत आहे. सल्ला घेऊन दुसरीकडे खरेदी करणे बरे दिसत नाही, हे मान्य. पण छापील किमतीपेक्षा एक रुपया खाली न येणारा आणि 'घ्यायचे तर घ्या' म्हणणारा दुकानदारही मी पाहिला आहे. त्याच्याकडून सल्लाही मिळाला नव्हता.

उधाण

अशा दुकानदाराची बाजू मी घेणार नाही. पण गावातल्या दुकानाच्या किमतीत काय काय असते ते पाहावे. आमच्या दुकानाच्या वहीत होडीवाल्यांची उधारी पावसाळाभर साचलेली असते, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, समुद्रही उसळलेला असतो आणि बंदरात पैसा फिरत नाही. ती उधारी नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू फिटते. तोवर दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याचे पैसे स्वतः भरलेले असतात. रोखीने रॉड घेणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकाकडून तो चार पैसे जास्त घेतो, यात मला आश्चर्य वाटत नाही. तुम्ही ते द्यावेतच असे माझे म्हणणे नाही. पण तो लूट करतो असेही म्हणू नये.

कुंडलिका काठ यांना एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. विणलेला दोर थेट गळाला बांधला तर पहिल्याच उसळीत कापला जाईल. पुढे हातभर तरी ४० ते ५० पौंडांचा जाड लीडर हवाच, मग तो नायलॉनचा असो वा फ्लुरोकार्बनचा. गढूळ खाडीत फ्लुरोकार्बनच्या न दिसण्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नका.

कुंडलिका काठ

सर्वांचे मनापासून आभार. खरेदी झाली, म्हणून हिशेब मांडतो.

रॉड दुकानातूनच घेतला. कापसाचा बोळा खिशातून काढल्यावर दुकानदार हसला, पण त्याने स्वतःहून दुसरा रॉड काढून दिला, कारण पहिल्याच्या तिसऱ्या कडीवर धागा अडकला होता. कराचा विषय काढल्यावर २,२०० चे २,००० झाले आणि पावतीही मिळाली. रील ऑनलाइन घेतले, २,७५० ला, आयातदाराच्या लेबलाचे छायाचित्र आधी मागवून. आठ पदरी ३० पौंडांचा दोर दीडशे मीटर, तोही ऑनलाइन, ७५० रुपये. पन्नास पौंडांचा नायलॉन लीडर, तीन आकारांचे प्रत्येकी चार सुटे गळ आणि शिसे दुकानातून, मिळून ३१० रुपये. एकूण ५,८१०.

रील घेऊन दुकानात गेलो तेव्हा थोडा संकोच वाटत होता. दुकानदाराने ते कुठून घेतले हे विचारले, मी खरे सांगितले. त्याने ते रॉडवर बसवले, एका बोटावर तोलून पाहिले आणि तीन हजार आकाराचे घेतले असते तर मनगट कमी दुखले असते, असे म्हणाला. ही गोष्ट त्याने ४००० आकाराचे रील दाखवताना का सांगितली नव्हती, हे मी विचारले. त्याच्याकडे तीन हजारी शिल्लक नव्हते, असे त्याने सरळ सांगून टाकले. मग दोर ओला करून, फडक्यातून ताण देत त्याने तो रीलवर भरून दिला, लीडरची गाठ मारून दाखवली आणि ती मला तीनदा मारायला लावली. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.

पार्सल नेमके सप्तमीला आले, म्हणजे परत करण्याची मुदत पूर्ण भांगात जाणार. ताणकाटा यांच्या सल्ल्याप्रमाणे काल अंगणात दोराचे टोक बादलीच्या कडीला बांधले. दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाइतका ड्रॅग (ठरावीक ताणाला दोर सोडणारा रीलचा ब्रेक) ठेवायचा, या हिशेबाने बादलीत तीन लिटर पाणी घातले आणि रॉड उचलला. बादली जमिनीवरून सुटेपर्यंत ड्रॅग घट्ट केला, मग थोडे पाणी वाढवल्यावर तो न अडखळता सुटू लागला. पंधरा-वीस वेळा केले, कुठे धक्का जाणवला नाही. रील ठेवून घेतो आहे. तीन हजारी आकाराचे लक्षात राहील.